विश्लेषण : माकड मेल्याची खबर डॉक्टरपर्यंत पोहोचते का? काजूबागांतल्या माकडतापाने मांडलेली ‘वन हेल्थ’ची परीक्षा

माणसाचे आरोग्य, जनावरांचे आरोग्य आणि जंगलाचे आरोग्य ही तीन वेगळी प्रकरणे नाहीत, हे वाक्य आता सरकारी कागदांतही सर्रास सापडते. ते खरे ठरते की नाही, याची कसोटी मात्र दिल्लीत किंवा नागपुरात लागत नाही. ती लागते दोडामार्ग, बांदा आणि सत्तरीच्या काजूबागांत, दर वर्षी, बोंडू पिकू लागला की.

काजूचा आणि तापाचा हंगाम एकच का?

काजू आंब्यासारखा झेल्याने उतरवत नाहीत. बोंडू पिकून बीसकट खाली पडतो आणि तो वेचायचा असतो. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला आणि गोव्याच्या डोंगराळ भागात घराघरांतून माणसे सकाळी बागेत जातात, झाडाखाली वाकून किंवा उकिडवे बसून पातेऱ्यातून बोंडू उचलतात, बी पिळून वेगळी करतात, दुपारी त्याच सावलीत भाकरी खातात आणि थोडे आडवेही होतात. येताना डोक्यावर सरपणाची मोळी असते. गोठ्यात अंथरायला पातेरा लागतो, तोही याच दिवसांत गोळा होतो.

याच पातेऱ्यात, याच महिन्यांत, तिळाएवढी एक गोचीड भुकेली बसलेली असते. तिचे शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. गुरांच्या कानात दिसणारी टपोरी गोचीड ही नव्हे. ही तिची अर्धवट वाढलेली पिल्ले असतात आणि ती चावल्याचे अनेकांना कळतही नाही. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा काळ. पाऊस पडला की ती दिसेनाशी होतात आणि तापाचे रुग्णही थांबतात.

चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप चढतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते, अंग मोडून येते, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, रक्तदाब उतरतो, प्लेटलेट घटतात. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण साधारण दहा ते वीस टक्क्यांना आठवडा-दोन आठवडे बरे वाटल्यानंतर ताप पुन्हा गाठतो आणि या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम होतो : भ्रम, थरथर, झटके. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीन ते पाच इतके सांगितले जाते. या विषाणूवर नेमके औषध नाही. पाणी, सलाइन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर दाखल होणे एवढेच उपचार.

डेंग्यू, लेप्टो आणि स्क्रब टायफस या तिन्ही आजारांची सुरुवातीची लक्षणे जवळपास अशीच असतात. ते आजार या पट्ट्याला नवे नाहीत. त्यामुळे केसपेपरवर ‘ताप’ एवढेच लिहिले गेले, तर पहिले चार-पाच दिवस चुकीच्या दिशेने जाऊ शकतात.

क्यासनूरच्या जंगलात काय घडले होते?

या आजाराचे अधिकृत नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. क्यासनूर हे कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातील जंगल. तेथे 1957 च्या सुमारास वानरे आणि माकडे झाडांवरून मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत लोकांना विचित्र ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे (एनआयव्ही), पथक तातडीने तिकडे रवाना झाले. ही संस्था 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली होती आणि अवघी पाच वर्षांची होती.

शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा येण्याचे कारण वेगळेच होते. आधी माकडे मरतात, मग माणसे आजारी पडतात, हा क्रम जगाला ठाऊक होता तो पीतज्वराचा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत धुमाकूळ घालणारा हा ताप आशियात कधीच आला नव्हता. तो आला असता तर काय झाले असते, याची कल्पना न केलेली बरी. प्रत्यक्षात मेलेल्या माकडांत, रुग्णांच्या रक्तात आणि गोचिडींत जो विषाणू सापडला, तो पीतज्वराच्या आणि डेंग्यूच्याच कुळातला, पण अगदी नवा निघाला. पहिल्याच वर्षी 466 रुग्णांची नोंद झाली.

पुढचा प्रसंग मुंबईच्या वाचकांना जवळचा वाटेल. हा विषाणू रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता होता. मग तो सैबेरियातून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तर आला नाही ना, अशी शंका घेतली गेली. तिचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने, पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाची पायाभरणी एका तापामुळे झाली, असे म्हणता येईल. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही. पण डॉक्टर, पशुवैद्य, कीटकतज्ज्ञ आणि पक्षीतज्ज्ञ एकाच रोगामागे धावत होते, तेही ‘वन हेल्थ’ हा शब्द चलनात येण्याच्या कितीतरी आधी.

(‘वन हेल्थ’ म्हणजे ‘एक आरोग्य’. मराठीत लिहिले की त्याचा अर्थ जंगलाचे आरोग्य असाही होतो. निदान माकडतापाच्या बाबतीत ही गफलत फारशी चुकीची नाही.)

माकड गुन्हेगार की बळी?

‘माकडताप’ या नावाने माकडावर अन्याय झाला आहे. माकडापासून माणसाला हा रोग थेट हवेतून किंवा चावण्यातून होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेही तो जात नाही. मंकीपॉक्स, म्हणजे ज्याचे नाव जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये बदलून एमपॉक्स केले, त्याच्याशीही याचा काही संबंध नाही. व्हॉट्सॲपवर दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून हे सांगायचे.

खरी साखळी गोचिडीभोवती फिरते. गोचिडीच्या आयुष्यात तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर तिला एकदा रक्त लागते. अंड्यातून निघालेली अळी बहुधा उंदीर, चिचुंद्री किंवा जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यावर चढते. पोट भरले की गळून पडते, कात टाकते आणि पुढच्या टप्प्याचे पिल्लू होते. ते माकड, माणूस जो मिळेल त्याला चावते. पूर्ण वाढलेली मादी मोठे जनावर शोधते : गवा, सांबर किंवा चरायला आलेली गाय-म्हैस. तिथे भरपेट रक्त पिऊन ती खाली पडते आणि हजारो अंडी घालते.

यात गुरांची भूमिका गंमतीची आहे. गुरांना हा ताप होत नाही, ती मरत नाहीत, त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढतही नाही. पण ती गोचिडींची खानावळ चालवतात. जंगलात गवे-सांबरे असतात त्याहून कितीतरी जास्त गुरे गावाच्या कडेला चरतात आणि गोचिडींची पैदास तेवढी वाढते. जनावर निरोगी दिसते, म्हणून पशुवैद्यकाकडे तक्रारच जात नाही. रोगाच्या गणितात एवढी मोठी संख्या असलेला हा घटक कोणाच्याच नोंदवहीत ‘आजारी’ म्हणून येत नाही.

माकडाचे उलटे. काळतोंड्या वानराला आणि लाल तोंडाच्या माकडाला हा विषाणू झपाट्याने मारतो. मरण्याआधी त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढलेला असतो आणि अंगावरच्या गोचिडी तो पिऊन घेतात. माकड मरून पडले, अंग थंड झाले की या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. त्या जागेवरून दुसऱ्या दिवशी कोणी लाकूडफाटा गोळा करायला गेले, तर पुढे काय होते हे सांगायला नको.

माणूस या साखळीचे शेवटचे टोक आहे. आपल्यापासून विषाणू पुढे जात नाही. रोगाला जगण्यासाठी आपली गरज नाही, आपण त्याच्या वाटेत जाऊन बसतो.

मग वाटेत कोण आले? जंगल की माणूस?

याचे सर्वांत कडू उदाहरण 1983 चे आहे, आणि तेही काजूचेच. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यातील निडले येथे काजू लागवडीसाठी जंगल साफ करण्यात आले. त्यानंतर जो उद्रेक झाला त्यात हजाराहून जास्त लोक आजारी पडले आणि शंभराहून अधिक दगावले. माकडतापाच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण हंगाम मानला जातो.

त्यावरून ‘जंगल तोडले की रोग येतो’ असे सरळ समीकरण मांडले जाते. ते अर्धे बरोबर आहे. भारत आणि ब्रिटनमधील संशोधकांनी मिळून शिवमोग्गा परिसराचा अभ्यास केला आणि 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. धोका कुठे जास्त, तर जिथे आर्द्र सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेली आहेत आणि जिथे देशी गुरांची संख्या जास्त आहे तिथे. म्हणजे घनदाट जंगलाच्या पोटातही नाही आणि उघड्या माळावरही नाही. जंगलाचा तुकडा, मग सुपारी, मग भातखाचर, मग पुन्हा जंगल, अशा गोधडीसारख्या प्रदेशात. दोडामार्ग तालुक्याचा नकाशा उपग्रहावरून पाहिला तर ही गोधडी अगदी स्पष्ट दिसते. तिलारीचे जंगल, त्याला लागून काजू, मध्ये रबराच्या आखीव रांगा, केळी, अननस आणि मग वस्ती.

2012 पर्यंत हा आजार जवळपास कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांपुरता होता. त्यानंतर तो पश्चिम घाटाच्या दोन्ही दिशांना सरकत गेला : दक्षिणेला बंदीपूर, निलगिरी, वायनाड आणि मलप्पुरम, उत्तरेला 2015 मध्ये गोव्यातील सत्तरी आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग. केर हे गाव तेव्हा पहिल्यांदा राज्याच्या बातम्यांत आले. पुढच्या हंगामात बांदा परिसरातही रुग्ण सापडले. तपासणी सुधारली, म्हणून पूर्वी ‘साधा ताप’ म्हणून सुटून जाणारे रुग्ण नोंदले जाऊ लागले, हाही यातला भाग आहेच. गोव्यातील उद्रेकाचा एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा संसर्गाचा धागा काजूबागेतल्या कामापर्यंत पोहोचला.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. काजू लावणाऱ्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणे हा शहरात बसून करायचा सोपा उद्योग आहे. कोकणात काजू लावा, म्हणून सरकारनेच फळबाग योजनेतून अनुदान दिले आणि त्यातून हजारो घरे उभी राहिली. प्रश्न बागेचा नाही. उरलेल्या जंगलाचे लचके कसे तोडले जातात याचा आहे. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातील वृक्षतोडीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, 2020 मध्ये तिलारीचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, तेव्हा चर्चा झाली ती वाघ, हत्ती आणि पट्टेरी वाघाच्या भ्रमणमार्गाची. ती व्हायलाच हवी. पण त्याच नकाशावर प्राथमिक आरोग्य केंद्रांचे ठिपके ठेवून कोणी पाहिले असते, तर जंगल राखण्याचा आणखी एक मुद्दा हाती आला असता, जो वाघापेक्षा मतदाराला लवकर पटतो.

पहिली घंटा कोणाला ऐकू येते?

माकडताप हा या बाबतीत उदार रोग आहे. तो आधी सूचना देतो. माणसांत रुग्ण सापडण्याआधी बहुतेक वेळा माकडे मरतात. यंत्राला सेन्सर लावावा तशी ही व्यवस्था निसर्गाने फुकटात दिली आहे. अडचण सेन्सरची नाही, त्यातून निघालेला सिग्नल कोणत्या टेबलावर जातो याची आहे.

बागेत मेलेले माकड दिसले की काय होते? ते वन्यप्राणी आहे, म्हणून पहिली जबाबदारी वनविभागाची. शवविच्छेदन करायचे तर पशुवैद्यकीय अधिकारी हवा, म्हणजे पशुसंवर्धन विभाग. नमुना तपासायचा तर तो पुण्याला एनआयव्हीकडे. दोडामार्गापासून हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. जागेवर मॅलॅथिऑनची भुकटी मारायची, गावात तापाचे सर्वेक्षण करायचे, तेल वाटायचे, ही कामे आरोग्य विभागाची. ग्रामपंचायत वेगळीच. चार खाती, चार साहेब, चार प्रकारचे फॉर्म.

डिजिटल नोंदींचेही तेच. माणसांतल्या साथरोगांची नोंद केंद्राच्या आयएचआयपी या पोर्टलवर होते. पाळीव जनावरांसाठी ‘भारत पशुधन’ आहे. जंगलातले माकड ना या पोर्टलवर बसते, ना त्या. त्याचा मृत्यू वनविभागाच्या नोंदीत राहतो. तीनही खिडक्या एकाच पडद्यावर उघडणे ही तांत्रिकदृष्ट्या काही रॉकेट सायन्सची बाब नाही. पिनकोड आणि तारीख या दोन रकान्यांवर ते जुळवता येते. जुळवायचे ठरवले पाहिजे, एवढेच.

पण त्याच्याही आधीची कडी अधिक कच्ची आहे : माकड मेल्याचे कोणी कळवेल का? कोकणात वांदरांचा उपद्रव हा रोजचा संताप आहे. नारळ, केळी, फणस, काजू, काहीच सुटत नाही. ज्याच्या बागेचे वांदराने नुकसान केले, त्याला मेलेले वांदर पाहून हळहळ वाटण्याची अपेक्षा भाबडी आहे. वर ‘तूच मारलेस का’ म्हणून चौकशी मागे लागण्याची भीती. मग ते ओढून खड्ड्यात टाकले जाते किंवा तसेच कुजू दिले जाते. अशा वेळी कळवणाऱ्याला चौकशी नव्हे, तर फोनचा खर्च आणि एक धन्यवाद मिळायला हवा. खबर देणाऱ्याला ठरावीक रक्कम देण्याची कल्पना कोणाला हास्यास्पद वाटेल; पण अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाच्या बिलापुढे ती रक्कम किती असेल?

मेलेले माकड हाताळणे धोक्याचे आहे, हे 2012 च्या अखेरीस बंदीपूरमध्ये महागात पडून कळले. व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली, कर्मचाऱ्यांनी ती उचलली, शवविच्छेदनाला आणि जाळायला मदत केली आणि त्यातलेच काही जण आजारी पडले. जंगलात पहिली फळी म्हणून उभ्या असलेल्या वनमजुरांकडे, वनरक्षकांकडे हातमोजे आणि अंगभर पोशाख आहे का, हा प्रश्न आरोग्य विभागाच्या बैठकीत विचारला जात नाही, कारण ती माणसे दुसऱ्या खात्याची.

आणि मग राज्यांची सीमा. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बहुतेकदा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातो. जवळचे मोठे रुग्णालय तेच. दोडामार्गचा माणूस कामाला सत्तरीत, सत्तरीचा पाहुणा दोडामार्गात, आणि वानरांच्या टोळीला तर सीमेवरचा नाका माहीतच नाही. बाग महाराष्ट्रात, उपचार गोव्यात, विषाणूचे मूळ कर्नाटकात. तिन्ही राज्यांनी एकमेकांना दर आठवड्याला मृत माकडांची आणि रुग्णांची यादी पाठवणे ही किमान अपेक्षा आहे, आणि ती काजूच्या हंगामाआधी, ऑक्टोबरमध्येच ठरायला हवी.

लस होती, मग बंद का झाली?

माकडतापाची लस दीर्घकाळ वापरात होती. बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील सरकारी पशुवैद्यकीय संस्थेत ती तयार होत असे, हाही माणूस-जनावर संबंधाचा एक योगायोग. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दर वर्षी एकेक, असा तिचा क्रम होता. टोचल्यावर हात ठणकायचा. ज्याला रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहायचे, तो दुसऱ्या डोसला येईलच असे नाही.

तिचा परिणाम किती होता? कर्नाटकातील एका अभ्यासात दोन डोस घेतलेल्यांत संरक्षण सुमारे 62 टक्के, बूस्टरसह सुमारे 83 टक्के आढळले. एकाच डोसचा उपयोग नगण्य. पुढे लसीची परिणामकारकता घसरल्याचे दिसले आणि 2022 मध्ये ती थांबवण्यात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनोलॉजिकल्स यांनी नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. पण प्रयोगशाळेतून उपकेंद्रापर्यंत लस येण्याचा रस्ता लांबचा असतो. दरम्यान, 2024 च्या सुरुवातीला कर्नाटकात रुग्णसंख्या पुन्हा चढली आणि मृत्यूही झाले. त्या हंगामात लोकांच्या हातात लस नव्हती.

आजवर 65 हून अधिक वर्षे आपण ज्या रोगाला ओळखतो, त्यावर खात्रीची लस आणि औषध नाही. त्याचे कारण विज्ञानात कमी आणि बाजारात जास्त शोधावे लागेल. वर्षाला सरासरी चार-पाचशे रुग्ण, तेही जंगलाच्या कडेचे, रोजंदारीवरचे. हा आजार विमानतळावरून पसरला असता, तर चित्र वेगळे दिसले असते.

नागपूरच्या संस्थेने काय बदलेल?

‘वन हेल्थ’ या कल्पनेला महाराष्ट्रात एक पत्ता मिळाला आहे. नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. खर्च 110 कोटींहून अधिक. राष्ट्रीय वन हेल्थ मिशनही आखले गेले आहे आणि त्यात आरोग्य, पशुसंवर्धन, पर्यावरण, कृषी, संरक्षण अशी अनेक खाती एकत्र आणण्याची योजना आहे. ज्या जिल्ह्यातील चांदीपुरा गावाचे नाव 1965 मध्ये एका विषाणूला मिळाले, तिथे ही संस्था असणे समर्पक आहे.

अशा संस्थांची गरज आहे, यात वाद नाही. नवे विषाणू ओळखायला, सुरक्षित प्रयोगशाळा चालवायला पैसा लागतोच. पण माकडताप हा नवा विषाणू नाही. त्याचे कुळ, वाहक, हंगाम आणि जागा, सगळे माहीत आहे. येथे अडते ते शोधावर नाही, तर तालुक्याच्या पातळीवरच्या निरोपावर. वनरक्षक, पशुवैद्यक आणि वैद्यकीय अधिकारी या तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि महिन्याची एक बैठक, एवढ्याने जे होईल ते काचेच्या इमारतीने आपोआप होणार नाही. अशा बैठका उद्रेकाच्या वर्षी होतात. रुग्ण कमी झाले की पुढच्या वर्षी त्या आटतात, बदल्या होतात आणि नव्या अधिकाऱ्याला पुन्हा ‘केएफडी म्हणजे काय’ इथून सुरुवात करावी लागते.

सिंधुदुर्गात या तापाचे निदान जिल्ह्यातच, चोवीस तासांत होण्याची कायमस्वरूपी सोय ही सर्वांत आधीची मागणी असायला हवी. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटीपीसीआर यंत्रे आली. माकडतापाचे पहिल्या काही दिवसांतले निदान त्याच तंत्राने होते. यंत्र आहे, तर त्याला लागणारे किट, प्रशिक्षित माणूस आणि सुरक्षिततेची व्यवस्था देणे हा इच्छेचा प्रश्न उरतो. दुसरी मागणी तेलाची. गोचिडींना दूर ठेवणारे ‘डेपा’ हे द्रावण संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने विकसित केले आहे आणि कर्नाटकात ते वाटले जाते. ते बाटलीबंद स्वरूपात जानेवारीतच काजू बागायतदार आणि मजुरांच्या हातात पडले, तर उपयोग. एप्रिलमध्ये खोके आले, तर ते पुढच्या वर्षी मुदत संपल्यावर उघडतील.

गुरांचा मुद्दा तर अजून कोणाच्या यादीतच नाही. जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गुरांवर हंगामाआधी गोचीडनाशक औषधाची फवारणी किंवा इंजेक्शन हे पशुसंवर्धन विभागाचे नेहमीचेच काम. ते दुधासाठी केले जाते. तापासाठी, ठरावीक गावांत, ठरावीक महिन्यांत केले तर आरोग्य विभागाचा खर्च वाचतो. अडचण अशी की खर्च एका खात्याचा आणि बचत दुसऱ्याची. सरकारी हिशेबात असले उपाय नेहमी अडतात.

बागेत जाणाऱ्यांनी काय करावे?

अंगभर कपडे, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि उघड्या त्वचेवर गोचीडरोधक तेल. पातेऱ्यावर थेट बसू किंवा झोपू नये. पोते किंवा ताडपत्री अंथरावी. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी आणि काखा, मांड्या, कानामागची जागा एकमेकांनी तपासावी. गोचीड सापडली तर चिरडू नये, चिमट्याने अलगद ओढून काढावी. ज्या भागात माकड मेले आहे तिथला पातेरा गोठ्यात आणू नये.

मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये आणि वनविभाग किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. नोव्हेंबर ते मे या काळात ताप आला, तर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले नाही तरी तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात : गेल्या दहा-बारा दिवसांत काजूबागेत किंवा जंगलात गेला होतात का, गोचीड चावली होती का आणि गावाच्या आसपास माकड मेल्याचे ऐकले आहे का. ॲस्पिरिन किंवा दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरून आठ-दहा दिवसांनी पुन्हा चढला, डोके जड झाले, बोलणे अडखळू लागले, तर तो नवा ताप समजून घरी थांबू नये. पहिल्या तापाचे कागद सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.